नाव वाहायची जुनी ट्रॉली घेतली, कागद एकही नाही. पासिंग कसं करू?

डोंगा_पवनी

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण पूर्ण वाचून सांगा जी.

मी पवनी तालुक्यातला. आमची ढिवर लोकांची मासेमारी सोसायटी आहे, सचिवाचं काम माझ्याकडे. तीन तलाव ठेक्याने आहेत, त्यातले दोन मामा तलाव (म्हणजे जुने माजी मालगुजारी तलाव), आणि तिन्ही तीन दिशेला. लाकडी डोंगे होते तोवर ज्या त्या तलावाचा डोंगा त्याच तलावावर राहायचा. आता सगळ्यांत मिळून एकच सोळा फुटी फायबरची नाव आहे. पावसाळ्यात बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं) सोडायला, हिवाळ्यात जाळं ओढायला ती आज या पाळीवर (तलावाच्या बांधावर) तर परवा त्या पाळीवर न्यावी लागते. छोटा हत्ती बोलावला तर खेपेला बाराशे ते पंधराशे रुपये लागतात, आणि नाव अर्धी बाहेर लोंबकळते.

म्हणून दिवाळीनंतर लाखांदूरकडच्या एका गावातून जुनी दोनचाकी ट्रॉली घेतली, ३८ हजारांत. कोणीतरी मन लावून केलेलं काम आहे. बाजूचे फाळके काढून टाकलेत, मधात जुन्या टायरच्या पट्ट्या वेल्ड केलेल्या आडव्या पट्ट्यांवर ताणल्यात, नावेचं पोट बरोबर त्यावर बसते. मागच्या टोकाला पाइपाचा रोलर आहे. ट्रॉली पाण्याच्या काठाला उलटी लावली की दोन माणसं नाव सरकवून देतात. पहिल्यांदा पाहिली तेव्हाच मन बसलं.

आता अडचण. विकणारा पोरगा म्हणाला, "वडिलांची होती, वडील करोनात गेले, कागद घरी सापडत नाही." पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून दिलं, दोन साक्षीदार, नोटरी. बस. आरसी (आरटीओचा नोंदणीचा कागद) नाही, बिल नाही, नंबरप्लेट नाही. मी तेव्हा म्हटलं, स्टॅम्प आहे म्हणजे झालं. ही चूक माझी. पैसे सोसायटीचे होते, माझ्या एकट्याचे नव्हते, हे मनाला लागून आहे.

कोणी म्हणेल, गावात ट्रॉलीचे कागद कोण पाहतो. मी पाहतो, त्याला कारण आहे. तीन वर्षांआधी आमच्या सोसायटीतले एक म्हातारे मामाजी भाड्याच्या ट्रॅक्टरवर जाळं घेऊन येत होते. कालव्याच्या वळणावर ट्रॉली खाली गेली. खुब्याचं हाड मोडलं, नागपूरला नेलं, ऑपरेशन झालं. ट्रॅक्टरचा विमा चालू होता, पण ट्रॉलीचा नंबरच नव्हता, ती पॉलिसीत कुठं असणार. दमडी मिळाली नाही. सगळ्यांनी वर्गणी केली, त्यांच्या सुनेने कानातलं मोडलं. ते आता काठी घेऊन पाळीवर येऊन बसतात, पाण्यात उतरत नाहीत. म्हणून आमच्या सोसायटीची ट्रॉली बिना कागदाची रस्त्यावर मी जाऊ देणार नाही. सध्या ती गोडाऊनच्या मागे उभी आहे.

एक एजंट भेटला. म्हणे १५ हजार द्या, एका भंगारात गेलेल्या ट्रॉलीचा नंबर यावर मारून देतो, आरसी पण देतो. मला ते करायचं नाही. सरळ रस्ता आहे का? स्टॅम्पच्या जोरावर आमच्या नावाने पासिंग होते का?

धानपट्टा_साकोली

भाऊ, आमच्या गावात वीसेक ट्रॉल्या असतील, पासिंगच्या चार. धान कापणीच्या दिवसांत कोणी अडवत नाही. वावरातून घरी, घरून राइस मिलला, एवढंच जाणं. मी पण सात वर्षं तशीच चालवली.

पण खरं सांगतो, मागच्या वर्षी लग्नाचं सामान घेऊन हायवेला चढलो आणि ट्रॅक्टर-ट्रॉली दोन्ही ठाण्यात लागले. ट्रॅक्टरचे कागद दाखवले, तो सुटला. ट्रॉलीचं काय दाखवू? पंधरा दिवस ठाण्याच्या आवारात उभी होती, स्पेअर टायर गेलं. तुम्ही तर एका तलावावरून दुसऱ्या तलावावर डांबरी रस्त्यानं जाणार, म्हणजे रोजच डोळ्यात येणार. तुमचं बरोबर आहे. पासिंग कसं होते ते मलाही पाहिजे, इथंच वाचत राहतो.

जुना_बाबू

मी परिवहन खात्यात कारकुनी टेबलावर सव्वीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न मन लावून वाचला, कारण अशी माणसं खिडकीवर फार कमी येतात.

आधी एजंटचं. त्याला परत फोन करू नका. दुसऱ्या वाहनाचा नंबर मारणं म्हणजे खोटा दस्तऐवज, आणि त्यात तुमची सही, सोसायटीचा शिक्का. उद्या तो नंबर कुठल्या चोरीच्या तक्रारीत निघाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये माल ठेवून घेणाराही येतो, माल चोरीचा आहे हे त्याला ठाऊक असेल किंवा तसं मानायला कारण असेल तर. "मला माहीत नव्हतं" हे तेव्हा कोण मानेल?

आता स्टॅम्पचं. नोटरीच्या कागदाने एवढंच दिसते की अमुक माणसाने तमुक माणसाकडून पैसे घेतले. वाहनाची मालकी आरटीओच्या नोंदवहीत बदलते. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये वाहनाच्या व्याख्येत ट्रेलर येतो, आणि कलम ६१ सांगते की नोंदणीचे नियम इतर वाहनांसारखेच ट्रेलरला लागू. आपण बोलताना ट्रॉली म्हणतो, कागदावर ट्रेलर. स्टॅम्प फेकू नका, जपून ठेवा. तुम्ही पैसे देऊन, साक्षीदारासमोर घेतली याला तो पुरावा आहे. पण नोंदवहीत तुमचं नाव त्याने चढत नाही.

सगळ्यात आधी एकच गोष्ट ठरवायची: या ट्रॉलीची नोंदणी कधी झाली होती की कधीच नाही? दोन्हीचे रस्ते एकदम वेगळे आहेत. ट्रॉलीला इंजिन नसते, म्हणून इंजिन नंबर नाही. तिची ओळख म्हणजे चेसिस नंबर. तो लांबणीच्या चॅनलवर किंवा हूकाकडच्या दांडीजवळ पंच केलेला असतो, आणि कारखान्याची पत्र्याची पट्टी रिव्हेट केलेली असते. पट्टी बहुतेक पडून जाते, पंच राहतो. तो शोधा.

नंबर निघाला आणि नोंद सापडली, तर बरंच काम झालं. मूळ मालक जिवंत असता तर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर त्याची सही घेऊन काम झालं असतं. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत कळवायचं असते, घेणाऱ्याने तीस दिवसांत. तुमच्याकडे मालक वारला आहे, म्हणून आधी फॉर्म ३१ ने वारसाच्या नावावर, मग वारसाकडून तुमच्या सोसायटीकडे. वारसाची मुदत आधीच उलटली असणार, त्याचा दंड भरावा लागेल. काम अडत नाही.

कधीच नोंद झाली नसेल तर जड आहे. नव्या नोंदणीला फॉर्म २० सोबत विक्रेत्याचं फॉर्म २१, बनवणाऱ्याचं फॉर्म २२ आणि बिल लागते, आणि बनवणाऱ्याकडे त्या नमुन्याची मंजुरी लागते. गावच्या वेल्डिंग दुकानात बनलेल्या ट्रॉलीला हे कागद मागाहून कोणी देऊ शकत नाही. तसं निघालं तर मी खोटी आशा लावणार नाही. पोराकडून पैसे परत मागा आणि मंजुरी असलेल्या कारखान्याची घ्या.

आधी नंबर शोधा. मग लिहा.

चॅनल_देसाईगंज

दादा, माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. बाबू काकांनी सांगितलं ते खरं, त्यात माझं एक ऐका: नंबर शोधताना ग्राइंडर लावू नका. हात जोडतो. लोक रंग काढायला ग्राइंडर फिरवतात आणि पंचाचे अक्षर घासून जातात. मग इन्स्पेक्टर साहेब म्हणतात नंबर मिटवलेला आहे, आणि तुम्ही कितीही खरे असा, चोरासारखे उभे राहता.

रंग काढायचं पेंट रिमूव्हर मिळते, नाही तर थिनर. चिंधी भिजवून पंधरा-वीस मिनिटं ठेवायची, मग हातानं तारेचा ब्रश, हळू. एका जागी नाही मिळाला तर दुसऱ्या जागी. उजव्या बाजूचा चॅनल, समोरून दोन फूट, तिथं आधी पाहा. नंतर दांडीचा वरचा भाग, नंतर धुरीच्या (ॲक्सलच्या) वरचा चॅनल. अक्षर दिसले की खडू घासा, खड्ड्यात पांढरं बसते. मग पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा, छाप येतो. आरटीओत तोच छाप मागतात. मोबाइलनं फोटो बाजूनं उजेड टाकून काढा, समोरून फ्लॅश मारला तर सगळं सपाट दिसते.

आणि कोणी म्हटलं की पुसट झाला तर नवीन पंच मारून देतो, तर मारू देऊ नका. ऑफिसच्या लेखी हुकमाशिवाय पंचाला हात लावायचा नाही. माझ्याकडे लोक येतात, मी परत पाठवतो.

डोंगा_पवनी

आठ दिवसांनी लिहितो आहे.

देसाईगंजच्या दादांचं ऐकलं. मी आणि माझा पुतण्या, दोघं दोन दिवस बसलो. वर निळा रंग, खाली हिरवा, त्याखाली रेड ऑक्साइड. उजव्या चॅनलवर काही नव्हतं. जीव खाली-वर झाला. दांडीजवळ मातीचा आणि ग्रीसचा थर होता, तो केरोसीननं धुतला, आणि पुतण्या ओरडला, "काका, इथं आहे!" पूर्ण नंबर आहे, एक अक्षर अर्धवट, पण वाचता येते. आणि मागच्या आडव्या पट्टीवर निळ्या रंगाखाली ब्रशनं लिहिलेलं "एमएच ३६" आणि पुढचे चार आकडे. मी तिथंच खाली बसलो. म्हणजे भंडाऱ्याचीच, आणि कधीकाळी पासिंग झालेली.

सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज केला: ट्रॉली कोणाकडून, कधी, कितीला घेतली, आता नोंद तपासून पाहिजे. सोबत स्टॅम्पची झेरॉक्स, पेन्सिलीचा छाप, फोटो. भंडाऱ्याला गेलो. पहिल्या दिवशी कॉम्प्युटरवर काही निघालं नाही. दुसऱ्यांदा गेलो तर एका मॅडमनं जुनी वही काढायला लावली. नोंद निघाली जी. २००९ ची, त्या पोराच्या वडिलांच्याच नावावर. चेसिस नंबर जुळला.

पोरगा खोटं बोलला नव्हता. हे लिहिताना बरं वाटून राहिलं, कारण मी मनात त्याच्याबद्दल काय काय आणलं होतं.

पण दोन गाठी निघाल्या. नोंदीवर बँकेचा बोजा आहे, ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या कर्जाचा. आणि २००९ ला पंधरा वर्षं धरली तर मुदत २०२४ लाच संपली. आता काय आधी करू?

जुना_बाबू

शाब्बास. फार चांगलं काम केलं.

कॉम्प्युटरवर न निघण्याचं कारण असं की जुन्या हातानं लिहिलेल्या वह्यांतली बरीच वाहनं "वाहन" प्रणालीत चढलेली नसतात. ती चढवणं म्हणजे बॅकलॉग एंट्री. ती झाल्याशिवाय पुढचा एकही ऑनलाइन अर्ज उघडणार नाही, म्हणून पहिला अर्ज तिचा. एंट्री झाली की स्वतः डोळ्यांनी तपासा. वडिलांच्या नावात एक काना-मात्रा चुकली तर मृत्यू दाखल्याशी जुळत नाही आणि तुम्ही पुन्हा रांगेत.

मग बोजा. बँकेकडून कर्ज फिटल्याचा दाखला आणि फॉर्म ३५, दोन्हीवर बँकेची सही-शिक्का. आरसी सापडत नाही तर मुलाने पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद करायची, ती प्रत जोडायची. मग फॉर्म ३१, वारस. मुदत संपलेली आहे म्हणून नूतनीकरणाचा फॉर्म २५ आणि ट्रॉली प्रत्यक्ष तपासणीला न्यावी लागेल. शेवटी २९-३० ने सोसायटीच्या नावावर, त्याला सोसायटीचा ठराव लागेल. मासिक सभेत आजच घेऊन टाका, कोणाच्या सहीने व्यवहार होणार हे ठरावात नाव घालून. उशिराचा दंड महिन्यागणिक चढतो, म्हणून यात पावसाळा जाऊ देऊ नका.

आणि एक करून घ्या. एनसीआरबी म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या "वाहन समन्वय" मध्ये चोरीच्या वाहनांची नोंद तपासता येते. नोंद जुळली आहे तरी तो कागद फाइलला असू द्या.

लेक_अर्जुनी

दादा, फॉर्म ३१ चं मी सांगते, कारण आमच्या बाबांच्या ट्रॅक्टरचं मी एकटीने केलं. अर्जुनी मोरगावला माहेर. बाबा २०२१ मध्ये गेले. भाऊ बाहेरगावी, आई शिकलेली नाही, म्हणून सगळं माझ्यावर आलं.

मृत्यूचा दाखला लागतो, झेरॉक्स दोन-तीन काढून ठेवा. सगळे वारस कोण, हे प्रतिज्ञापत्र. आणि ज्याच्या नावावर करायचं त्याला सोडून बाकी सगळ्या वारसांचं ना-हरकत. सगळ्या म्हणजे सगळ्या. लग्न झालेल्या बहिणी पण. गावातले लोक म्हणत होते, "पोरी कायले पाहिजे, पोरगा आहे ना." तसं चालत नाही. माझी धाकटी बहीण बालाघाटला दिली, तिची सही आणायला मी बसनं गेले, दिवस गेला. म्हणून त्या पोराला आधी विचारा, बहिणी किती, कुठं कुठं. आई असेल तर आईची पण. अंगठा असेल तर ओळख पटवणारा माणूस आणि आधार सोबत न्या.

बँकेचं पण आमच्याकडे होतं. बाबांनी कर्ज कधीच फेडलं होतं, पासबुकावर शून्य होतं, पण बोजा उतरवायला कोणी गेलंच नाही. मी गेले तर ती शाखाच दुसऱ्या शाखेत मिसळलेली. चार चकरा झाल्या. जुनं पासबुक घरात शोधायला लावा. आमचं धानाच्या कोठीमागच्या पत्र्याच्या पेटीत निघालं. त्या एका पासबुकामुळे काम झालं, नाही तर ते म्हणत होते रेकॉर्ड नाही.

आणि दादा, त्या घरच्यांशी गोड बोला. वारलेल्या माणसाचा कागद काढताना घरात रडणं होते. माझ्या आईने फॉर्मवरचं बाबांचं नाव बोटानं पुसल्यासारखं केलं होतं. तिला वाटलं नाव कमी होणार.

विमा_तुमसर

मी विम्याचं काम करतो. मामाजींचं वाचलं, वाईट वाटलं. असं दर हंगामात पाहतो.

ट्रॉली नावावर झाली की ज्या ट्रॅक्टरला ती लागणार त्याच्या पॉलिसीत ट्रेलर म्हणून चढवा, नंबर आणि चेसिससह, त्याचा वेगळा प्रीमियम लागतो. पॉलिसी हातात आली की तो नंबर छापलेला आहे का पाहा. एजंटनं तोंडी "आहे आहे" म्हटलं तर मानू नका, मी स्वतः एजंट आहे तरी सांगतो. सोसायटीचा स्वतःचा ट्रॅक्टर नसेल आणि भाड्यानं लावणार असाल तर जरा थांबा. भाड्याची वाहतूक म्हटलं की शेतीच्या ट्रॅक्टरची पॉलिसी आणि नोंदणीचा प्रकार, दोन्हीवर प्रश्न येतो.

आणि ट्रॉलीत माणसं बसवायची नाहीत. पासिंग झाली, विमा झाला, तरी ट्रॉलीत बसलेला माणूस त्यात येत नाही. नाव ट्रॉलीत, माणसं वेगळी.

कलम ६१ प्रमाणे ज्या ट्रॅक्टरने ओढता त्याचा नंबर ट्रॉलीच्या मागे दिसला पाहिजे. सोबत लाल रिफ्लेक्टर. नावेचं टोक मागे आलं तर दोन्ही झाकून जातात, ते बघा.

डोंगा_पवनी

ट्रॅक्टर सोसायटीच्या एका सभासदाचा आहे, भाडं घेत नाही, डिझेल टाकतो आम्ही. बाबू काका, एक विचारतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारनं मासेमारीला शेतीसारखा दर्जा दिला ना, मग नाव नेणं हे शेतीचंच काम धरतील का?

आणि ताई, तुमचं लिहिलेलं त्या पोराला वाचून दाखवलं. दोन बहिणी आहेत, एक ब्रह्मपुरीला, एक राजनांदगावला. आई आहे. मी घरी गेलो तर आईनं चहा केला. म्हणाल्या, ती ट्रॉली त्यांच्या मालकानंच अशी केली होती, शेततळ्यावरच्या नावेसाठी, टायरच्या पट्ट्या स्वतः बसवल्या. अंगठा द्यायला तयार आहेत.

जुना_बाबू

तो दर्जा वीज, कर्ज, विमा अशा सवलतींसाठी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतली शेतीच्या ट्रॉलीची व्याख्या त्याने आपोआप बदलत नाही. तुम्ही स्वतःची नाव, स्वतःच्या ठेक्याच्या तलावावर, भाडं न घेता नेता, हे अर्जात स्पष्ट लिहा आणि ठेक्याचा करार जोडा. तपासणीला जाल तेव्हा इन्स्पेक्टर साहेबांना तोंडी पण सांगा. लपवू नका.

दुसरं, ते फाळके काढलेत आणि पट्ट्या वेल्ड केल्यात. आरसीत जे लिहिलेलं आहे त्यात बदल करायला कलम ५२ आड येते. तपासणीआधी ट्रॉली मूळ आकारात आणा.

चॅनल_देसाईगंज

त्याची काळजी नको. फाळके बसवून देतो, आणि त्या आडव्या पट्ट्यांचं वेल्डिंग कापून खाली बोल्टवर घेतो. रोलरचा पाइप पण सॉकेटमध्ये टाकू. चार बोल्ट काढले की नावेचा पाळणा बाहेर, ट्रॉली ट्रॉलीसारखी. दांडीकडच्या नंबरवर रंग मारायचा नाही, नुसतं ग्रीस लावून पट्टी चिकटवू.

त्या काकांनी बसवलेल्या टायरच्या पट्ट्या मी बदलणार नाही, चांगल्या आहेत. ट्रकवर टाकून आणा, ट्रॅक्टरला लावून ओढत आणू नका. मजुरी माझी राहू द्या, बोल्टचे पैसे द्या.

डोंगा_पवनी

दादा, मंगळवारी आणतो. सभेत ठराव झाला, मामाजींनी अनुमोदन दिलं. ब्रह्मपुरीच्या बहिणीची सही झाली, राजनांदगावला रविवारी मी आणि पोरगा दोघं जाणार आहोत. बँकेचं पासबुक अजून सापडलं नाही, त्यांची आई कोठीमागे शोधून राहिली आहे.